आईचे दोन फोटो

“यातला माझा कुठला, तेवढं सांगा बाई. दुसरं काय विचारणार न्हाई मी.”

प्रल्हादने टॉवेलची गाठ सोडली आणि दोन्ही फ्रेमा सतरंजीवर शेजारी शेजारी मांडल्या. दोन्ही फोटो एकाच म्हातारीचे होते. आकार एक, फ्रेमचं लाकूड एक, डोक्यावरचा पदरही एकच.

बाई फोटोंकडे वळल्याच नाहीत. “च्या घेणार न्हवं?” त्यांनी विचारलं.

“आधी सांगा की.”

“आधी च्या.”

भिंतीला हात लावत लावत त्या आत गेल्या. प्रल्हाद गुडघे जवळ घेऊन बसून राहिला. जयसिंगपूरहून मोटारसायकलवर, भर उन्हात, काचेच्या दोन फ्रेमा पोटाशी बांधून तो आला होता. पण अंग शिणलं होतं ते या प्रवासाने नव्हे, त्याआधीच्या महिन्याने. बाहेर गल्लीत यंत्रमाग खटखटत होते. इचलकरंजीत तो आवाज थांबला तरच माणसं दचकतात.

प्रल्हाद वाळवेकर नम्र आहे, असा आरोप त्याच्यावर आजवर कोणी केलेला नव्हता. फोटोतला माणूस दुरुस्त करावा तर आपणच, हे आधी तो एकटा सांगायचा, मग हळूहळू गावही सांगायला लागलं. मिटल्या डोळ्यांच्या नवरदेवांचे डोळे त्याने उघडले होते. लग्नाआधीच वारलेल्या सासऱ्याला आहेराच्या फोटोत सुनेशेजारी उभं केलं होतं, तेही असं की सासरे स्वतःच्या पायांनी मांडवात आले असावेत. बघणारा म्हणायचा, फोटो काय झकास आलाय. फोटो आला नव्हता, केला होता, हे प्रल्हाद मग त्याला सावकाश समजावून सांगायचा.

आणि या सगळ्याची सुरुवात झाली होती ती याच खोलीत, याच बाईंपुढे.

गोदावरी मुरदंडे हे त्यांचं नाव, पण ते कोणी घेत नसे. धंद्यातली सगळी माणसं त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. एके काळी आसपासच्या स्टुडिओंतून त्यांच्याकडे निगेटिव्ह यायच्या. उतरत्या पेटीवर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड घ्यायचा, आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने नखाएवढ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या नि देवीचे व्रण भरून काढायचे, असं ते काम होतं. शिकणाऱ्याला त्या एकच गोष्ट बजावायच्या. काम झाल्यावर हात दिसता कामा नये.

प्रल्हादने ते इतकं मनावर घेतलं की एवढ्या वर्षांत त्याचा हात कोणालाच दिसला नाही. आता दुखणं होतं ते तेच.

चहा आला. बाईंनी बशीवर कप ठेवला तो अंदाजाने, आणि थोडा सांडला.

“आता सांगा.”

“मला दिसत न्हाई रे.”

“चष्मा कुठं हाय? मी देतो की आणून.”

“चष्म्यानं काय व्हायचंय? मधलं गेलंय. कडंकडंचं तेवढं दिसतंय. आता तुझे कान दिसालेत, तोंड न्हाई.”

प्रल्हादला आधी राग आला. मग रागाची लाज वाटली. आणि मग दोन्ही ओसरून नुसता थकवा उरला. एवढ्या उन्हात तो निवाडा मागायला आला होता, आणि निवाडा करणारीलाच दिसत नव्हतं.

“मला कसं कळलं न्हाई बाई?”

“आलाच न्हाईस. कळणार कसं?”

…

“म्हणजे उगीच आलो म्हणायचं.”

“आलायस तर बस. फोटो कुणाचा?”

“आईचा.”

“कवा गेली?”

“महिना झाला.”

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. मागांचा आवाज तेवढा चालू राहिला.

मग प्रल्हादने सांगितलं, आणि ते सांगताना त्याला स्वतःचीच चीड येत होती. त्याच्या घरात आईचा एक धड फोटो नव्हता. गावातल्या प्रत्येक म्हातारीचा होता, हिचा नव्हता. कॅमेरा उचलला की ती पदर तोंडावर घ्यायची आणि म्हणायची, माझा कशाला, गिऱ्हाइकाचा काढ, रीळ वाया जाईल. रीळ जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी ती तेच म्हणायची. तो म्हणायचा, बरं, निवांत काढू. तो निवांतपणा आला तेव्हा ती तिरडीवर होती.

एक आधारकार्डावरचा फोटो होता, त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसत होती. आणि एक भाचीच्या लग्नातला ग्रुप फोटो होता. त्यात ती रांगेच्या टोकाला, अर्धा चेहरा शेजारणीच्या आड. तोच घेऊन प्रल्हाद दुकानात बसला. उत्तरकार्याच्या दिवशी हार घालायला फोटो हवा होता.

“चार दिवस बसून केलोय बाई. जेवायलासुद्धा उठलो न्हाई. तरी मनासारखा होईना. म्हटलं, आणखी एक दिवस लागंल. तर उत्तरकार्याच्या सकाळी पोरानं फोन काढला.”

“कुणाच्या पोरानं?”

“माझ्याच. श्रेयसनं. त्याच ग्रुप फोटोचा फोटो काढला, बोट लावलं, मशीननं आख्खं तोंड करून दिलं, झालं.”

“किती वेळ लागला?”

“तुम्हाला च्या गाळायला लागतो तेवढा.”

बाईंनी मान हलवली. त्यात आश्चर्य नव्हतं आणि कौतुकही नव्हतं.

“सगळी त्याच फोटोम्होरं रडली,” प्रल्हाद म्हणाला. “मावशी तर काचेवरनं हात फिरवत होती. अगदी आक्का हाय म्हणाली, आता बोलंल म्हणाली. दोन दिवसांनी माझा तयार झाला. बघितला सगळ्यांनी. बरा हाय म्हणाले.”

“बरा हाय म्हणाले?”

“बरा हाय म्हणाले बाई.”

हे दोन शब्द त्याला त्या दिवसापासून चावत होते. वाईट म्हटलं असतं तर तो भांडला असता. भांडण शेवटी पोराशी झालंच. श्रेयस म्हणाला, पप्पा, लोकांना जो आवडला तो लावू. प्रल्हाद म्हणाला, माझ्या आईच्या भिंतीवर मशीनचा फोटो लागणार नाही. बायकोने मध्ये पडून दोन्ही फोटो कपाटात ठेवले आणि दोघांनाही सांगितलं की काय ते ठरवा एकदाचं, रिकामा खिळा बघवत नाही. तेव्हापासून घरात कोणी कोणाशी सरळ बोलत नव्हतं. शेवटी प्रल्हादनेच सांगून टाकलं की बाई म्हणतील तो लावायचा.

“दुकानातबी तेच चाललंय,” तो म्हणाला. “घरनंच करून आणत्यात. माझ्याकडं फकस्त प्रिंट काढायला नि फ्रेम करायला येत्यात. एक म्हातारा तर म्हणाला, तुम्ही फ्रेमा चांगल्या करता हो… मग मी एवढी वर्षं शिकलो ते काय बाई?”

बाईंनी पदराने तोंड पुसलं.

“आमचे आप्पा हातमागावर लुगडी विणायचे. त्यांचे काठ बघायला लांबनं माणसं यायची. मग हे आले.” त्यांनी हनुवटीने बाहेरच्या खटखटीकडे दाखवलं.

“मग? आप्पा काय म्हणाले?”

“काय म्हणणार? यंत्रमागावर कामाला गेले.”

प्रल्हाद पुढचं ऐकायला थांबला. पुढचं काही नव्हतं.

…

“चार दिवस काय केलास ते सांग,” बाई म्हणाल्या. “नीट सांग. सगळं.”

आता मात्र प्रल्हाद सावरून बसला. महिनाभरात हे कोणी विचारलं नव्हतं. अर्धं तोंड शेजारणीच्या आड होतं, म्हणून दिसणारं अर्धं उलटं करून जोडलं. मग दोन्ही गाल सारखे झाले, आरशातल्यासारखे, म्हणून एक गाल पुन्हा मोडला. पदराच्या काठाचा एकेक धागा वेगळा केला. पांढरे केस एकेक करून ओढले. बाई मध्ये मध्ये ‘हं’ म्हणत होत्या, आणि त्या ‘हं’नेच त्याला बरं वाटत होतं. एकदा तर त्यांनी विचारलं, मानेखालची सावली कुठल्या अंगाला घेतलीस, आणि त्याने उत्तर दिल्यावर त्या म्हणाल्या, बरोबर केलास. प्रल्हादला गहिवरून आलं.

“आणि डोळे?”

“डोळे मिटलेले होते, फ्लॅश उडाल्यामुळं. मग आधारकार्डावरचे घेतलो.”

“पोलिसांनी पकडलेले?”

“कडेनं जरा हसवलो त्यांस्नी.”

“आणि कान?”

प्रल्हाद जरासा अडखळला. “कान दिसतच नव्हता. पदराखाली. मावशी त्याच रांगेत होती, तिचा घेतलो.”

“मावशीचा कान आईला लावलास?”

“सख्ख्या बहिणी की. सारखेच असत्यात.”

बाईंना हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, आणि मग प्रल्हादही हसला. आई गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

“आणि मशीननं कान कुणाचा लावला?” बाईंनी विचारलं.

“देव जाणे. कुणाच्यातरी आईचा असंल.”

हसू तिथेच थांबलं. प्रल्हादने चहाचा शेवटचा घोट घेतला, तो गार झाला होता.

“सगळी रडली म्हणालास. तू?”

“मी काय?”

“तू रडलास का?”

“मी बघत होतो बाई. कानातली कुडी नीट बसली नव्हती त्यात. कडा विरघळल्यागत झालेली. एवढी माणसं, कुणाच्या लक्षात आलं न्हाई. माझा डोळाच हलंना तिथनं.”

“आणि नंतर?”

“नंतर माझा फोटो पुरा करायचा होता की.”

…

बाईंनी हात पुढे केला. “दे बघू ते.”

त्याने दोन्ही फ्रेमा त्यांच्या मांडीवर ठेवल्या. बाईंनी काचांवरून बोटं फिरवली. पूर्वी असा हात कोणी लावला असता तर त्या हातावर फटका बसला असता.

“दोन्ही गार हायत,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी फ्रेमा पालथ्या केल्या. एक खाली, एक वर. मग खालची वर, वरची खाली. पत्ते पिसावेत तशा त्या दोन फ्रेमा त्यांनी मांडीवर फिरवल्या आणि एक उचलून त्याच्यापुढे धरली.

“हा कुणाचा?”

प्रल्हादला हे जरा पोरकट वाटलं. स्वतःचं काम तो हजारात ओळखणार होता. त्याने फ्रेम सुलटी केली.

आई त्याच्याकडे बघत होती.

त्याने फ्रेम थोडी लांब धरली. मग जवळ घेतली. मग उठला आणि दारापाशी उजेडात गेला. पदर तसाच होता. केस तसेच. ओठही… मग त्याची नजर बाजूला गेली, कुडी दिसली, कड स्वच्छ होती, आणि त्याने श्वास सोडला.

“माझा,” तो म्हणाला.

“एवढा वेळ?”

“उजेड न्हाई इथं.”

“कशावरनं वळखलास?”

“कानावरनं.”

“मावशीच्या?”

प्रल्हाद दारातच उभा राहिला.

चार दिवस तो त्या चेहऱ्यावर वाकून बसला होता. गाल डोळ्यांपुढे भिंतीएवढा मोठा करून त्यातला कण न् कण त्याने तपासला होता. आणि आत्ता, आईच्या फोटोत त्याला ओळखीचं सापडलं ते हे, मावशीचं.

“दुसऱ्यात तरी आई हाय का बघ,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याही दमल्यासारख्या वाटत होत्या.

त्याने दुसरा फोटो उचलून बघितला. आईच होती. आता बोलेल अशी. तो बघत राहिला, आणि ती काही बोलली नाही.

“न्हाई,” तो म्हणाला. “म्हणजे हाय. पण…”

“ठेव ते. दोन्ही पालथे ठेव.”

त्याने ठेवले.

“इथं बस. असा म्होरं. आता तुझी आई कशी दिसायची ते मला सांग.”

“तुम्ही बघितलायसा की तिला. मला सोडायला आलेली, पहिल्या दिवशी.”

“एकदाच आली. दारातच हुबी ऱ्हायली. तोंड आठवत न्हाई. सांग तू.”

“सावळी होती. लांबट चेहरा. कपाळ मोठं, हनुवटी बारीक, नाक—”

“हे पोलिसात हरवल्याची तक्रार देतानाचं झालं. आई सांग.”

प्रल्हादने डोळे मिटले. दोन्ही फोटो डोळ्यांपुढे आले. ते बाजूला सारायला त्याला वेळ लागला. एक गेला की दुसरा येत होता.

“बाई…”

“हं.”

“मला तिचं तोंड समोरनं आठवंना झालंय.”

बाई जरा पुढे सरकल्या.

“बाजूनंच आठवतंय. शाळंतनं आलो की ती चुलीम्होरं असायची. हा एक गाल दिसायचा, जाळाकडचा. लाल. केस असे सुटलेले, घामानं चिकटलेले. मी दप्तर टाकायचो नि नुसतं वाढ म्हणायचो. जेवून खेळायला पळायचो. मोठा झालो तरी तेच. दुकानातनं आलो की वाढ. ती वाढायची. मी मान खाली घालून जेवायचो…”

त्याचा आवाज बारीक झाला होता.

“कधी वळायची न्हाई का?”

“वळायची की. ए आई म्हटलं की वळायची. पण आधी हात पुसायची. दोन्ही हात, लुगड्याला. घाई असली तरी आधी हात. मग…”

“मग?”

“मग अशी वळायची.”

आणि ते दाखवायला त्याने स्वतःचेच दोन्ही हात शर्टाला पुसले. तोंड भिंतीकडे होतं. मग त्याने मान वळवली. आधी हनुवटी आली, मग कपाळ आलं, भुवया जरा वर गेल्या, काय रे असं विचारावं तशा. आणि नजर समोर येता येता, त्या अर्ध्या वळणावरच, त्याला आई दिसली. पुरती. जाळाने लाल झालेला गाल, कपाळावर पुसटलेलं कुंकू, काय रे म्हणणारे डोळे.

प्रल्हाद तसाच, मान वळलेल्या अवस्थेत, रडू लागला.

महिनाभर न आलेलं रडू होतं ते. त्याला आवाज आवरेना. बाहेरच्या मागांच्या खटखटीतही तो आवाज गल्लीत ऐकू जात असेल, पण त्याची त्याला आता पर्वा नव्हती. आई गेली, हे त्याला आत्ता कळत होतं. तिच्या केसांचा एकेक तंतू ओढताना कळलं नव्हतं, खांदा देतानाही कळलं नव्हतं.

बाईंनी त्याला थांबवलं नाही. जवळही घेतलं नाही. फक्त त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्या बसून राहिल्या.

…

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “दिसली?”

त्याने मान हलवली. बाईंना ती हललेली मान दिसली नसावी. त्या वाट बघत राहिल्या.

“दिसली बाई.”

“हं.”

प्रल्हादने बाहीने डोळे पुसले, नाक पुसलं. फ्रेमा जवळ ओढल्या, टॉवेल पसरला. एकीवर एक ठेवून तो गाठ मारायला लागला. वरची कुठली नि खालची कुठली हे त्याने बघितलं नाही. गाठ मारून झाल्यावर त्याला घर आठवलं, खिळा आठवला, पोराचं आखडलेलं तोंड आठवलं.

“बाई, मग घरी जाऊन लावू कुठला?”

बाई भिंतीला हात लावून उठल्या. त्याचा रिकामा कप चाचपडत शोधला आणि उचलला.

“आता कुठलाबी लाव.”